गर्भ किती ठेवायचे?

हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला जाणारा रेल्वेमार्ग जवळजवळ दोन हजार किलोमीटरचा. रायपूर त्याच्या मधल्या टप्प्यावर येते, हावड्याला थोडे जवळ, मुंबईला थोडे लांब. भारतातल्या टेस्ट ट्यूब बेबीचा सुरुवातीचा इतिहास याच मार्गाच्या दोन टोकांना घडला. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून हर्षा जन्मली. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते. १९६३ पासून इथे मेडिकल कॉलेज होते, पण मूल होत नाही म्हणून मोठा उपचार घ्यायचा, तर ज्याच्या गाठीला पैसा तो नागपूर-मुंबईची गाडी पकडे. बाकीच्यांच्या वाट्याला नवस आणि उपास.

आता शहरातच टेस्ट ट्यूब बेबी सेंटरच्या पाट्या दिसतात. भाषाही घराघरांत पोचली आहे. ‘ट्रान्सफर कधी आहे?’, ‘फ्रोझन आहेत का?’, ‘बीटा आला का?’ हे शब्द सासू-सुनांच्या बोलण्यात सहज येतात. आणि या सगळ्या प्रक्रियेत एक क्षण असा येतो की, डॉक्टर जोडप्याला विचारतात किंवा जोडपेच डॉक्टरांना सांगते: गर्भ किती ठेवायचे? उत्तर बहुतेक वेळा तयार असते. दोन टाका, डॉक्टर. जमल्यास तीन. एकदाचा खर्च आणि एकदाचा त्रास, होऊन जाऊ दे.

हे उत्तर कुठून येते ते रायपूरमध्ये श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास नीट कळते. कमरछठच्या दिवशी इथल्या गल्ल्यांत बायका जमिनीत दोन लहानशा तळ्या खणतात. त्यांना सगरी म्हणतात. त्यांत पाणी भरायचे, काठाने काशीचे गवत आणि पळस-बोरीच्या डहाळ्या खोचायच्या, भोवती बसून सहा कथा ऐकायच्या. नांगरलेल्या जमिनीतले काही खायचे नाही, म्हणून आपोआप उगवणारा पसहर चाऊर शिजवायचा. सोबत सहा प्रकारच्या भाज्या आणि म्हशीचे दूध-दही. पूजा झाली की पिवळ्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने आई मुलाच्या पाठीवर हलकेच थापा मारते. ज्यांना मूल आहे त्या त्याच्या आयुष्यासाठी उपास करतात, ज्यांना नाही त्या मूल व्हावे म्हणून. इथल्या पंचांगात ही भादोंची वद्य षष्ठी, मराठी पंचांगात श्रावणातली. म्हणजे त्याच महिन्यात रायपूरच्या मराठी घरांतही भिंतीवर जिवतीचा कागद लागलेला असतो. त्यावर जरा-जिवंतिकांच्या अंगाखांद्यावर मुलेच मुले. शुक्रवारी औक्षण होते आणि परगावी असलेल्या लेकरांसाठी चारी दिशांना अक्षता टाकल्या जातात. ज्या दोन संस्कृतींत कूस उजवणे म्हणजे घर लेकरांनी भरणे, तिथे डॉक्टरांनी ‘एकच ठेवू’ म्हणावे हे कानाला कद्रूपणाचे वाटले तर त्यात त्या बायकांचा दोष नाही.

पण हा ‘एक’ वैद्यकशास्त्राला फार महागात जाऊन सापडलेला आहे.

सुरुवात खरे तर एकापासूनच झाली होती. इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राउन जन्मली. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी या तिघांनी त्याआधी बीजे वाढवणारी औषधे देऊन पाहिली होती. त्या औषधांनी गर्भाशयाचे पाळीचक्र बिघडते आणि गर्भ रुजत नाही, असे त्यांना दिसत होते. म्हणून लुईसच्या आईच्या वेळी त्यांनी औषधे सोडली. नैसर्गिक पाळीत जे एक बीज तयार झाले ते काढले, फलित केले आणि तो एकच गर्भ परत ठेवला.

कोलकात्यात मुखर्जींसमोर तीच अडचण होती. त्यांनी वेगळी वाट काढली. औषधे देऊन अनेक बीजे मिळवली, फलित गर्भ गोठवून ठेवले आणि औषधांचा परिणाम ओसरल्यावर, नंतरच्या पाळीत, गर्भाशय तयार असताना ते वितळवून परत ठेवले. हे १९७८ साली! मेलबर्नमध्ये गोठवलेल्या गर्भापासून झालेले झोई हे बाळ मार्च १९८४ मध्ये जन्मले आणि जगाने तेच पहिले मानले. इकडे पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीने मुखर्जींचा दावा फेटाळला. परदेशातल्या परिषदेला जायची त्यांना परवानगी मिळाली नाही. जून १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत झाली आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेला त्यांनी आत्महत्या केली.

या माणसाच्या वाट्याला आलेल्या अन्यायाबद्दल बरेच लिहिले गेले आहे. तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा १९९० चा चित्रपटही त्याच आयुष्यावरून सुचलेला. त्यांच्या पद्धतीत गर्भांच्या संख्येच्या प्रश्नाचे उत्तर दडले होते, ही गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. गर्भ गोठवता येत असतील, तर सगळे एकदम ठेवण्याची गरज उरत नाही. एक ठेवा, उरलेले जपा, नाही रुजला तर पुढच्या पाळीत दुसरा. ही वाट १९७८ मध्येच उघडली होती. ती बंद झाली आणि जग दुसऱ्या रस्त्याने गेले.

तो रस्ता असा. १९८० नंतर मेलबर्नमध्ये आणि मग अमेरिकेत डॉक्टर पुन्हा औषधांकडे वळले. बीजे जास्त मिळू लागली, गर्भ जास्त होऊ लागले. गोठवण्याची पद्धत अजून कच्ची होती. हळूहळू थंड करताना पेशींत बर्फाचे स्फटिक होत आणि बरेच गर्भ वाया जात. मग जे आहेत ते सगळे आताच ठेवलेले बरे, असा विचार पक्का झाला. छत्तीसगढमधला शेतकरी धान पेरताना हात आखडत नाही, कारण सगळेच दाणे उगवत नाहीत हे त्याला ठाऊक असते. जास्त उगवले तर विरळणी करता येते. डॉक्टरांचा हिशेब तोच होता. तीन-चार ठेवू, एखादा तरी रुजेल. जून १९८१ मध्ये मेलबर्नला आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब पद्धतीची, पहिली जुळी जन्मली, तेव्हा त्याचे कौतुकच झाले. मात्र तिळी, चौळी होऊ लागली तेव्हा विरळणीचा अर्थ बदलला: पोटातल्या तीन-चार गर्भांपैकी एक-दोघांचे हृदय सुईने औषध टोचून थांबवायचे. दहा वर्षे मुलासाठी तळमळलेल्या बाईला हा निर्णय घ्यायला सांगणे ही या उपचारातली सर्वांत क्रूर गोष्ट आहे. तिच्यामागे कुणाचा दुष्टपणा नसतो, ट्रान्सफरच्या दिवशी केलेला हिशेब असतो.

परळची हकीकत याच काळातली. केईएम हे महापालिकेचे रुग्णालय आणि त्याच परळमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, प्रजननसंशोधन संस्था. आनंद कुमार या संस्थेचे संचालक, हिंदुजा केईएममधल्या स्त्रीरोगतज्ज्ञ. गिरणगावातल्या त्या सार्वजनिक रुग्णालयात, सरकारी पैशाने चाललेल्या प्रयोगशाळेच्या मदतीने, नोंदी ठेवून हे काम उभे राहिले, म्हणून त्याची शास्त्रीय मान्यता निर्विवाद ठरली. भारतातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ म्हणून हर्षाचे नाव लागले. पुढे १९९७ मध्ये आनंद कुमारांच्या हाती मुखर्जींची टिपणे आली. ती वाचून त्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये लिहिले की, पहिलेपणाचा मान मुखर्जींचा आहे. स्वतःच्या आयुष्यातले सर्वांत मोठे श्रेय पुरावा पाहून दुसऱ्याला देणारा शास्त्रज्ञ दुर्मीळ. मराठी वाचकाने हिंदुजांबरोबर आनंद कुमारांचेही नाव लक्षात ठेवायला हवे.

परळनंतर हा उपचार सार्वजनिक रुग्णालयांत वाढला असता, तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती. तो गेला खासगी दवाखान्यांत. १९९० नंतर मोठ्या शहरांत आणि २००० नंतर नव्या राज्यांच्या राजधान्यांत, रायपूरसारख्या ठिकाणी, तो पसरला. सरकारचे सगळे लक्ष मुले कमी कशी होतील याकडे. मूल न होण्याचे दुःख हा घरचा मामला. छत्तीसगढमध्ये आता बाईमागे सरासरी १.८ मुले आहेत, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी सांगते. मुले कमी हवी असलेल्या राज्यातही ज्याला एकही नाही त्याचे घर तितकेच रिकामे असते.

इथे थोडे थांबून ट्रान्सफरची क्रियाच जवळून पाहावी. ती पाच-दहा मिनिटांची असते, भूलही सहसा लागत नाही. बाईला आधी पाणी पाजलेले असते, कारण मूत्राशय भरलेले असले की पोटावरच्या सोनोग्राफीत गर्भाशय स्पष्ट दिसते. शेजारी प्रयोगशाळेची खिडकी उघडते. एम्ब्रियॉलॉजिस्ट नाव मोठ्याने वाचतो आणि बाईकडून तेच नाव वदवून घेतो. चुकीला इथे जागा नाही. हातात मऊ, बारीक नळी. तिच्या टोकाशी थेंबाहूनही कमी द्रव आणि त्यात हवेच्या दोन बुडबुड्यांच्या मधे गर्भ. पाच दिवसांचा असला तरी तो मिलिमीटरचा दशांश-दोन दशांश एवढाच. पडद्यावर तो दिसत नाही, दिसतो तो बुडबुड्याचा पांढरा ठिपका. ठिपका गर्भाशयात सोडला की नळी परत खिडकीतून आत जाते. काही चिकटून राहिले नाही ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आतून ‘क्लिअर’ असा आवाज येतो. नवरा बाहेर उभा असतो. मग दहा-चौदा दिवस थांबायचे, रक्तातल्या बीटा एचसीजीच्या रिपोर्टसाठी.

त्या नळीत एक गर्भ आहे की दोन, यावर पुढचे नऊ महिने आणि कधीकधी पुढची अनेक वर्षे ठरतात. दोन ठेवले की शक्यता दुप्पट होते, हा समज सर्वत्र आहे. तो खोटा आहे, हे दाखवायला जगाला वीस वर्षे लागली. १९९८ मध्ये ब्रिटनमधील टेम्पलटन आणि मॉरिस यांनी ४४,२३६ उपचारचक्रांच्या नोंदी तपासल्या. चारांहून अधिक बीजे फलित झाली असतील, म्हणजे निवडायला चांगले गर्भ असतील, तर दोनऐवजी तीन ठेवल्याने मूल होण्याचे प्रमाण वाढत नाही, असे त्यांना आढळले. वाढते ते फक्त एकाहून जास्त बाळे होण्याचे. पुढच्याच वर्षी बेल्जियममध्ये अँटवर्पच्या यान गेरिस यांनी एक विरुद्ध दोन अशी रीतसर चाचणी प्रसिद्ध केली.

मग २००४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या डॉक्टरांची चाचणी आली. स्वीडनच्या अ‍ॅन थुरिन आणि क्रिस्टिना बर्ग त्यात प्रमुख होत्या. ३६ वर्षांखालील ६६१ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटात दोन गर्भ एकदम ठेवले. दुसऱ्यात एक ठेवला आणि तो रुजला नाही तर गोठवलेला दुसरा नंतर, पुन्हा एकटाच. म्हणजे दोन्हीकडे गर्भ जास्तीत जास्त दोनच, फरक एकदम की एकामागून एक एवढाच. दोन एकदम ठेवलेल्या गटात ४२.९ टक्के स्त्रियांना मूल झाले, एकेक ठेवलेल्या गटात ३८.८ टक्के. फरक चार टक्क्यांचा. पण पहिल्या गटातल्या बाळंतपणांपैकी ३३.१ टक्के जुळ्यांची होती आणि दुसऱ्यात फक्त ०.८ टक्के. हे ०.८ टक्के उरले, कारण एकच गर्भही क्वचित आपणहून दुभंगतो.

या आकड्यांना वजन का आहे? जुळी म्हटली की आपल्याला लव-कुश आठवतात. बाळंतपणाच्या खोलीतले चित्र वेगळे असते. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे भरायच्या आत जन्मतात, तिळी तर जवळजवळ सगळीच. वजन दोन-सव्वादोन किलो, कधी दीड, कधी एक. फुप्फुसे तयार नसतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते. आईचा रक्तदाब वाढतो, साखर वाढते, बाळंतपणानंतर रक्त जास्त जाते, सिझेरियन बहुधा ठरलेलेच. ज्या मुलासाठी घर गहाण पडले ते काचेच्या पेटीत असते आणि बाप बाहेर बाकावर रोजच्या बिलाची वाट पाहत बसलेला असतो.

वयाचा मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवा. बाईचे वय चाळिशीकडे झुकले की तिच्या स्वतःच्या बीजांतून झालेल्या गर्भांपैकी बहुतेकांत गुणसूत्रांची गडबड असते, म्हणून अनुभवी डॉक्टर तिथे दोन ठेवतात आणि त्यात तथ्य आहे. पण बीज दुसऱ्या तरुण स्त्रीचे असेल तर हिशेब फिरतो. रुजण्याची ताकद बीजाच्या वयावर ठरते, गर्भाशयाच्या वयावर फारशी नाही. २०१० मध्ये हरियाणातील हिसार येथे ६६ वर्षांच्या स्त्रीला तिळी झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये आंध्रातील गुंटूर येथे सत्तरी ओलांडलेल्या स्त्रीला जुळ्या मुली झाल्या. वृत्तपत्रांनी चमत्कार म्हणून ठळक मथळे दिले. म्हाताऱ्या शरीरावर दोन-तीन बाळांचे ओझे टाकणे हा चमत्कार नव्हे, टाळता आला असता असा धोका होता.

संख्या प्रत्यक्षात खाली आणली ती शास्त्राइतकीच पैशाच्या व्यवस्थेने. बेल्जियमने २००३ च्या जुलैपासून सौदा मांडला: सहा उपचारचक्रांच्या प्रयोगशाळेचा खर्च सरकार देईल, बदल्यात ३६ वर्षांखालील स्त्रीला पहिल्या वेळी एकच गर्भ ठेवायचा. अपुऱ्या दिवसांच्या जुळ्यांच्या अतिदक्षता विभागावर होणारा खर्च वाचेल आणि त्यातून हा पैसा निघेल, हे तिथल्या डॉक्टरांनी आधीच मांडून दाखवले होते. स्वीडननेही त्याच वर्षी एकाचा नियम केला. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात आयव्हीएफच्या बाळंतपणांत २८ टक्के एकाहून जास्त बाळांची असत. २०१९ पर्यंत ते प्रमाण ६ टक्क्यांवर आले. मधल्या काळात जपानच्या मासाशिगे कुवायामा यांच्यासारख्यांनी झटपट गोठवण्याची पद्धत इतकी पक्की केली की, बर्फाचे स्फटिक होण्याची भीतीच जवळजवळ संपली. मुखर्जींची वाट पंचवीस वर्षांनी पुन्हा उघडली. अमेरिकेत मात्र जानेवारी २००९ मध्ये एका बाईच्या गर्भाशयात १२ गर्भ ठेवल्यावर आठ बाळे जन्मली; त्या डॉक्टरचा परवाना पुढे रद्द झाला.

भारतात आयसीएमआरने २००५ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली. एका वेळी तीनपेक्षा जास्त नकोत, अपवाद असेल तर कारण नोंदवा, असे त्यांत होते. तीही तत्त्वेच, कायदा नव्हे. कायदा यायला २०२१ उजाडले; जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. त्याने स्त्रीसाठी वयाची कमाल मर्यादा ५० आणि पुरुषासाठी ५५ केली, म्हणजे हिसार-गुंटूरचा रस्ता बंद झाला. त्याच वर्षी सरोगसीचे नियम आले. त्यांत स्वच्छ लिहिले आहे: सरोगेट मातेच्या गर्भाशयात एका वेळी एकच गर्भ, विशेष परिस्थितीतच तीनपर्यंत.

राहिला पैसा. आयव्हीएफच्या एका प्रयत्नाला दीड-दोन लाख सहज लागतात आणि आयुष्मान कार्ड तिथे चालत नाही. आता दुसरी बाजू पाहा. दोन गर्भ ठेवल्यामुळे बाळे आठव्या महिन्यात आली आणि सरकारी रुग्णालयात दाखल झाली, तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत. रायपूरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, ज्याला सगळे शहर मेकाहारा म्हणते, किंवा एम्समध्ये, अशा बाळासाठी नर्स, ऑक्सिजन, पेटी हे सगळे जनतेच्या पैशातून येते. म्हणजे सरकार जुळ्यांच्या अकाली जन्माचा भार उचलते, पण तो टाळणाऱ्या दुसऱ्या ट्रान्सफरचे पैसे देत नाही. बेल्जियमने नेमके हेच उलटे केले. पदरचे शेवटचे दोन लाख घालणाऱ्या जोडप्याला ‘एकच ठेवा’ असा उपदेश करणे सोपे आहे. नाही रुजला तर पुढच्या वेळचे काय, याचे उत्तर त्याच्या हाती दिल्याशिवाय तो उपदेश पोकळ राहतो. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात हा उपचार मोफत सुरू केला. छत्तीसगढला आणि महाराष्ट्रालाही त्याच्याकडे पाहून आपला हिशेब मांडता येईल.

आणखी एक गोष्ट तर पैशाशिवायही होण्यासारखी आहे. २०२१ च्या कायद्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे आणि दवाखान्यांच्या सेवांचे परिणाम तिच्यात गोळा व्हावेत असे कलमच आहे. ब्रिटनमध्ये कुठल्या दवाखान्यात किती ट्रान्सफरमागे किती बाळे आणि त्यांत जुळी किती, हे कुणालाही पाहता येते. तसा तक्ता इथल्या प्रत्येक सेंटरचा नावानिशी प्रसिद्ध झाला, त्यात किती गर्भ ठेवले हा रकाना असला आणि ‘गर्भ राहिला’ यावर न थांबता पूर्ण दिवसांचे, निरोगी एक बाळ घरी गेले का, हे त्यात मोजले गेले, तर पाट्या वाचत शहरभर हिंडणाऱ्या जोडप्याला दवाखाना निवडताना जाहिरातीवर विसंबावे लागणार नाही.